दहा महिने एकशिंग्याबरोबर

मृग लागायच्या आदल्या आठवड्यात हा जाडजूड इंग्रजी कथासंग्रह घरी आला. एकशिंगी घोड्यांच्या, म्हणजे युनिकॉर्नच्या, कल्पनारम्य कथा. प्रत्येक कथेचा लेखक वेगळा. आता शिगमोही झाला. मधल्या दहा महिन्यांत पुस्तक दोनदा वाचून झालं. एकदा डिचोली-पणजी कदंबा बसमध्ये माझं मी, आणि नंतर रोज रात्री आठ वर्षांच्या लेकीला मराठीत सांगत. या दोन वाचनांत माझं मत पार बदललं, म्हणून आता लिहिते आहे.

पहिल्या खेपेला चांदण्यातल्या कथांनी मला भुरळ घातली. धुक्यातलं तळं, पांढरंशुभ्र जनावर, निष्पाप मुलगी. पण मोठ्याने सांगायला बसले तेव्हा नेमक्या त्याच कथा पातळ वाटायला लागल्या. "तो खातो काय?" लेकीने विचारलं. मी पानं मागेपुढे केली, कथेत कुठेच नव्हतं. "आणि त्याला माश्या चावत नाहीत?" आमच्याकडे गोठा आहे, जनावर म्हटलं की तिला हेच सुचतं. त्या कथा तिने परत कधी मागितल्या नाहीत.

तिने पुन्हा पुन्हा सांगायला लावली ती एका म्हातारीची गोष्ट. लंगडत आलेल्या एकशिंग्याच्या खुरात खडा रुतलेला असतो. म्हातारी त्याचा पाय आपल्या मांडीवर घेते आणि सुरीच्या टोकाने खडा उकरते. दुखल्यावर तो मान झटकतो आणि शिंगाचा फटका तिच्या मनगटावर बसतो. शिंगाच्या मुळाशी कातडी सोलवटलेली, तिथे ती चरबी चोळते. जादू येते ती अगदी शेवटच्या दोन ओळींत, पण तोवर त्या जनावराचा ओला वाससुद्धा आपल्याला आलेला असतो. एवढं शिंग वागवणाऱ्याची मान अवघडत असणार, हे लेखकाला सुचलं याचं मला फार कौतुक वाटतं. संग्रहात अशा पाच-सहा कथा आहेत आणि माझ्या लेखी पुस्तकाची सगळी किंमत त्यांच्यात आहे.

जुन्या युरोपीय समजुतीवर बेतलेली एक कथाही आहे: हे जनावर कुणाला सापडत नाही, पण एकट्या बसलेल्या कुमारिकेच्या मांडीवर ते डोकं ठेवतं आणि मग शिकारी येतात. जुलैतल्या मुसळधार पावसात मी ती सांगत होते. सासूबाई शेजारी वाती वळत होत्या. त्या थांबून म्हणाल्या, "अगं, हा तर आपला ऋष्यशृंग!" आणि मग पुढची गोष्ट त्यांनीच सांगितली. रानात वाढलेला, डोक्यावर एक शिंग असलेला, बाई कधी न पाहिलेला मुनिकुमार. अंगदेशात दुष्काळ पडलेला. लोमपाद राजाने गणिका पाठवल्या, त्यांनी त्याला नावेतून राजवाड्यात आणलं आणि त्याचं पाऊल पडताच पाऊस कोसळला. पुढे राजकन्या शांतेशी त्याचं लग्न लागलं. भुलवून आणणं दोन्हीकडे सारखंच. तिकडे रक्त सांडतं, इकडे पाऊस येतो. त्या रात्री लेकीने इंग्रजी गोष्टीचा शेवट ऐकायचंच नाकारलं.

म्हणूनच प्रस्तावनेचा मला मनापासून राग आहे. सुरुवात युरोपातल्या भिंतीवरच्या विणीव चित्रांपासून, शेवटही तिथेच. क्टेसिअस हा इराणच्या दरबारातला ग्रीक वैद्य. इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास त्याने हे जनावर भारतातलं म्हणून वर्णिलं: पांढऱ्या अंगाचं, लालसर डोक्याचं रानगाढव, शिंग बुडाशी पांढरं, मध्ये काळं, टोकाला लालभडक, आणि त्या शिंगाच्या पेल्यातून प्यायल्यास विष बाधत नाही. प्रस्तावनेत याचा उल्लेख नाही. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर सर्वांत जास्त वेळा दिसणारा प्राणी एकशिंगीच आहे, त्याचाही नाही. आणि आमचा गेंडा! गुजरातच्या सुलतानाने दिलेला गेंडा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने गोव्याहून जहाजाने धाडला. २० मे १५१५ रोजी तो लिस्बनला उतरला. जर्मन चित्रकार ड्यूररने तो न पाहता, कुणाच्या तरी पत्रावरून आणि रेखाटनावरून त्याचं चित्र कोरलं आणि पाठीवर एक जादा छोटं शिंग चढवलं. न पाहिलेल्या जनावराला शिंग कसं फुटतं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पुस्तकाची बांधणी चिकटवलेली आहे. श्रावणापर्यंत मधला एक गठ्ठा सुटला आणि कडांना बुरशी आली. गोव्यात हे पुस्तक ठेवायचं तर पावसाळ्यात अधूनमधून बाहेर काढून वारा द्यावा लागतो. अक्षरही बारीक आहे, हलत्या बसमध्ये डोळ्यांना ताण पडतो.

यंदा गावच्या घोडेमोडणीला लेकीला नेलं होतं. कमरेला लाकडी घोडा बांधलेले, हातात तलवार घेतलेले गडी ढोल-ताशांवर नाचून थोडे टेकले, तेव्हा ती एका घोड्यापाशी गेली आणि त्याच्या कपाळावर बोट ठेवून उभी राहिली. गड्याने विचारलं, "काय शोधतेस गो बाय?" ती म्हणाली, "याचं दुखत नाही ना, ते बघतेय."

मुलांना सांगायला घेणार असाल तर म्हातारीच्या कथेपासून सुरुवात करा. चांदण्यातल्या कथा त्यांना मोठेपणी वाचू द्या. माझी प्रत सध्या वास्कोला बहिणीकडे आहे, तिचा मुलगा सात वर्षांचा आहे.