सिंगापूर की दुबई? पगाराआधी रात्रीच्या जेवणाचं बघा

ऐरोली-महापेच्या कंपन्यांतल्या मुलामुलींना परदेशी नोकरीची संधी आली की प्रश्न बऱ्याचदा या दोन शहरांत येऊन अडकतो. पगाराचे आकडे रुपयांत मांडले जातात आणि दुबईत इन्कम टॅक्स नाही, एवढ्यावर निर्णय होऊन जातो. मी दोन्हीकडे नोकरी केली आहे, आता पुन्हा ठाण्यात राहते. कोणी सल्ला मागितला तर मी आधी एकच विचारते: ऑफिस सुटल्यावर रात्री आठ वाजता कुठे, काय आणि कोणाबरोबर जेवणार? ठाणे स्टेशनला उतरून कुंजविहारचा वडापाव घ्यायचा आणि तलावपाळीला एक चक्कर मारून घरी जायचं, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते सुटलं की काय होतं, याचा कोणी विचारच करत नाही. नव्या शहरात एकट्याने राहताना पहिल्या काही महिन्यांत जीव तिथेच कासावीस होतो.

या कसोटीवर एकट्या माणसासाठी सिंगापूर सरस आहे. तिथली हॉकर सेंटर्स म्हणजे रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना सरकारने दिलेल्या पक्क्या जागा. १९७० च्या दशकात आणि पुढे ऐंशीच्या दशकातही फेरीवाल्यांना नुसतं हटवलं नाही, तर लोकवस्तीजवळच छप्पर, नळ आणि सांडपाण्याची सोय करून बसवलं. २०२० मध्ये युनेस्कोने ही हॉकर संस्कृती आपल्या वारसा यादीत घेतली. ठाणे स्टेशनबाहेर फेरीवाल्यांची पळापळ बघितली की मला हे दर वेळी आठवतं, आणि आपल्याकडे हे का होऊ नये असं मनापासून वाटतं.

चार ते सहा सिंगापूर डॉलरांत पोटभर चिकन राइस किंवा नूडल्स मिळतात. मोकळ्या टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा कोणीतरी धरलेली आहे असं समजायचं आणि पुढे जायचं. जेवण झालं की ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा. २०२१ पासून तसा नियमच आहे, न पाळल्यास दंडही होतो. एका टेबलावर मलय कुटुंब, शेजारी चिनी आजोबा आणि कडेला आपण, असं रोज बसता येतं. एकट्याने जेवताना कोणी वळून बघत नाही. बाई असून रात्री अकराला मी निर्धास्त चालत घरी यायचे, हे मला फार मोलाचं वाटतं. फक्त उशिरापर्यंत काम असेल तर लक्षात ठेवा, कित्येक गाळे संध्याकाळीच आवरतात. मग इमारतीखालच्या कॉफी शॉपमधला रोटी पराठा आणि तेह तारिक, म्हणजे ओढून फेसाळलेला दुधाचा चहा, कामाला येतो.

शाकाहारी असाल तर मात्र जरा थांबा. भाजी म्हणून पुढे आलेल्या ताटातही सुक्या कोळंबीचा सांबल (मिरचीची चटणी) किंवा ऑयस्टर म्हणजे कालवांचा सॉस असतो, आणि विचारल्यावर ‘मीट नाही’ असंच उत्तर मिळतं. बऱ्याच सेंटरमध्ये बौद्ध पद्धतीचा शाकाहारी गाळा असतो, तिथे खुशाल खा. नाहीतर लिटल इंडियात सेरंगून रोडवर १९४७ पासून चालणारं कोमला विलास हे शाकाहारी हॉटेल आहे. पण रोज तिथवर जाणं होत नाही.

त्यात घराचा प्रश्न. नवीन माणूस बहुधा एचडीबीच्या सरकारी इमारतीतली एक खोली भाड्याने घेतो आणि करारात ‘स्वयंपाक नाही’ किंवा ‘हलका स्वयंपाक’ अशी अट असते. फोडणी द्यायची परवानगी नाही, हे लोकांना तिथे गेल्यावर कळतं. खोली ठरवण्याआधी हे स्पष्ट शब्दांत विचारा.

दुबईत उलटं आहे. रस्त्यावरचं खाणं म्हणजे तिथे हातगाडी नाही, छोटी कॅफेटेरिया. केरळी मंडळी चालवतात. गाडी समोर लावून हॉर्न दिला की पोऱ्या एक-दोन दिरहमचा करक चहा कागदी कपात आणून देतो: वेलचीचा, दाट, आपल्या चहाच्या अगदी जवळचा. शावर्मा आहे, चिप्स भरलेला पराठा आहे. करामा आणि बर दुबई या भागांत वडापाव, पाणीपुरी, थाळी सगळं मिळतं, घरगुती डबाही लागतो. कडक शाकाहारी माणसाची तिथे एकही दिवस उपासमार होणार नाही.

पण दुबई चालण्याचं शहर नाही. जून ते सप्टेंबर बाहेर पाय टाकवत नाही. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करून घ्यायला कायद्यानेच बंदी आहे. त्या महिन्यांत संध्याकाळ म्हणजे घर किंवा मॉल. ऑफिस एका टोकाला आणि स्वस्त घर शारजात असेल तर रात्रीचे आठ गाडीतच वाजतात. म्हणून थोडं भाडं जास्त पडलं तरी करामा किंवा बर दुबईत, मेट्रोच्या जवळ राहा. हिवाळ्यात एक दिरहम देऊन अब्रा होडीने खाडी ओलांडायची आणि पलीकडच्या देरा भागात जेवून परत यायचं, ही संध्याकाळ मला आजही हवीशी वाटते.

पैशांचं थोडक्यात सांगते. सिंगापुरात पगारातून दरमहा टॅक्स कापत नाहीत, पुढच्या वर्षी बिल येतं. तेवढे पैसे बाजूला ठेवा. दुबईत टॅक्स नाही, पण भाडं वर्षाचं ठरतं आणि मोजक्या पुढच्या तारखांच्या चेकने आगाऊ द्यावं लागतं. वर अनामत आणि दलाली. पहिल्याच महिन्यात मोठी रक्कम हातात लागते, तेव्हा कंपनी उचल देते का ते विचारून घ्या.

कुटुंब नेणार असाल तर माझा कौल दुबईला. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा भरपूर, विमान जेमतेम तीन तासांचं, आणि घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे. तिथे सातला घरी आलात की इथे आई-बाबांचे साडेआठ झालेले असतात, निवांत बोलता येतं. सिंगापूर अडीच तास पुढे. तिथे तुम्ही झोपायला निघता तेव्हा इथे आईच्या कुकरची शिट्टी होत असते. शिवाय जोडीदाराला डिपेंडंट पासवर न्यायचं तर तुमचा ठरलेला पगार महिना किमान ६,००० सिंगापूर डॉलर लागतो.

एकटे असाल, मासे-मटण-चिकन सगळं चालत असेल आणि नवी चव घ्यायला हात पुढे जात असेल, तर पगार थोडा कमी पडला तरी सिंगापूर घ्या. आणि दुबई घेतलीत तर रुजू होण्याची तारीख ऑक्टोबर-नोव्हेंबरची मागा. कंपन्या महिना-दोन महिने पुढे ढकलायला बऱ्याचदा तयार असतात, आणि पायी हिंडून शहर ओळखीचं करून घ्यायला पुढचे चार-पाच महिने मिळतात.