डीहॅश_एंट्रीज आणि आयहॅश_एंट्रीज: फाइल सर्व्हरला खरंच उपयोग होतो का?

रेटिंग: ५ पैकी ३

जळगाव, धुळे, भुसावळकडच्या ऑफिसांतला फाइल सर्व्हर साधारण एकाच साच्यातला असतो: डेबियन किंवा उबुंटू, ८ नाहीतर १६ जीबी रॅम, वर सांबा (विंडोजच्या मशीनना फायली पुरवणारा प्रोग्रॅम) आणि पोटात लाखो बारीक फायली. रावेर-सावद्याच्या केळी व्यापाऱ्याकडे काट्याच्या पावत्यांचे स्कॅन, स्टुडिओत लग्नांचे फोटो, सीएकडे पीडीएफ. फोल्डर उघडायला वेळ लागायला लागला की कुणीतरी लिनक्स कर्नलचे हे दोन बूट पॅरामीटर सुचवतंच. पहिला डेन्ट्री कॅशच्या, म्हणजे फायलींच्या नावांच्या, हॅश टेबलचा (नोंदी पटकन सापडाव्यात म्हणून कप्प्यांत वाटून ठेवणाऱ्या तक्त्याचा) आकार ठरवतो, दुसरा आयनोडच्या, म्हणजे फायलीचा आकार, मालक वगैरे माहितीच्या नोंदींच्या.

बहुतेकांना यांची गरज नाही. ६४-बिट कर्नल रॅमच्या दर ८ केबीमागे डेन्ट्रीचा एक कप्पा धरतो आणि दर १६ केबीमागे आयनोडचा एक. ८ जीबीला हे होतात १०,४८,५७६ आणि ५,२४,२८८ कप्पे. कप्पा ८ बाइटचा, त्यामुळे खर्च ८ अधिक ४ एमबी. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) 'हॅश टेबल एंट्रीज' शोधा, आकडे समोर येतील. आता एक डेन्ट्री १९२ बाइटची आणि एक्स्ट४चा आयनोड सुमारे १ केबीचा. सगळी रॅम या जोड्यांनीच खाल्ली तरी डेन्ट्रीच्या कप्प्यात सरासरी सहा-सात नावं बसतील, आणि सगळी रॅम त्यांना कधीच मिळत नाही. अशा ठिकाणी टेबल दुप्पट करून हाती काही लागत नाही. सीपीयूच्या कॅशमध्ये ते आणखीच मावेनासं होतं.

पॅरामीटर खरा कामाला येतो तो व्हर्च्युअल मशीनवर. मशीन २ जीबीवर बूट झालं, मग चालू असतानाच रॅम १६ जीबी केली. टेबल मात्र बूटच्या वेळचंच राहतं: डेन्ट्रीला २,६२,१४४ कप्पे, आयनोडला १,३१,०७२. कॅशमध्ये ३० लाख फायली आल्या की एका कप्प्यात अकराच्या वर नावं आणि तेवीसेक आयनोड. पर्फ टॉपमध्ये (सीपीयू कोण खातंय ते दाखवणारी कमांड) नावं शोधणारं डी_लुकअप_आरसीयू हे फंक्शन वर चढलेलं दिसलं तर दुखणं हेच. पूर्ण रॅमसह रीबूट करता आलं तर प्रश्न मिटला. मशीन दर वेळी लहान रॅमवरच उठणार असेल तर /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब मधल्या कर्नलच्या ओळीत डीहॅश_एंट्रीज=२०९७१५२ आणि आयहॅश_एंट्रीज=१०४८५७६ घाला (आकडे अर्थातच इंग्रजी), अपडेट-ग्रब चालवा, रीबूट करा. खर्च २४ एमबी.

इथे एक गंमत आहे. तुम्ही दिलेला आकडा कर्नल २च्या पुढच्या घातावर वर चढवतो. १५,००,००० लिहिलं की मिळतात २०,९७,१५२, म्हणजे ८ जीबीच्या मशीनवर जे आधीच होतं त्याच्या दुप्पट! वरची मर्यादा एकूण रॅमच्या सोळाव्या हिश्श्याची. आणि एकही अक्षर चुकलं तर बूट अडत नाही, पॅरामीटर वाया जातो (नवे कर्नल डीमेसेजमध्ये फक्त एक ओळ लिहितात). म्हणून रीबूटनंतर डीमेसेज पाहिल्याशिवाय काम झालं असं समजू नका. दोन गुण इथेच कापलेत: बदल करायचा तर रीबूट, आणि चूक झाली तर ती सहज कळत नाही.

रॅम पूर्ण असूनही एकेका कप्प्यातल्या नोंदींच्या साखळ्या लांबल्या असतील तर /प्रॉक/सिस/एफएस/डेन्ट्री-स्टेट मधला पाचवा आकडा बघा (कर्नल ५.० पासून). अस्तित्वातच नसलेल्या फायलींच्या या नोंदी. त्यांना आयनोड लागत नाही, म्हणून त्या भराभर साचतात. टेबल वाढवण्याआधी ती नावं कोणता प्रोग्रॅम सारखी मागतोय ते शोधा.

लाइट गेली, यूपीएसही बसला, तर सर्व्हर परत उठतो तेव्हा कॅश रिकामी असते. टेबल कितीही मोठं करा, पहिलं फोल्डर हळूच उघडणार. सकाळी ऑफिस उघडायच्या आधी क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) सगळ्या डेटावर 'डीयू -एस' (फोल्डरचा आकार मोजणारी कमांड) फिरवला की नावं आणि आयनोड दोन्ही कॅशमध्ये येतात. ते टिकावेत म्हणून व्हीएफएस_कॅश_प्रेशर (कर्नल ही कॅश किती लवकर सोडतो ते ठरवणारं सेटिंग) १०० वरून ५० वर आणा. शून्य करू नका. कर्नल ही कॅश सोडतच नाही आणि मेमरी संपते.

एकाच फोल्डरात लाखभर पावत्या असतील तर आधी सांबाकडे बघा. विंडोजला लहान-मोठी अक्षरं सारखीच, त्यामुळे दिलेल्या नावाची फाइल सापडली नाही की सांबा अख्खं फोल्डर चाळतो. त्या शेअरला 'केस सेन्सिटिव्ह' यस, 'डिफॉल्ट केस' लोअर, 'प्रिझर्व्ह केस' आणि 'शॉर्ट प्रिझर्व्ह केस' नो करा. त्याआधी जुन्या फायलींची नावं लहान अक्षरांत करून घ्या, नाहीतर त्या विंडोजवरून उघडणार नाहीत.