झेडईडी-एफ९पी आणि एडीएक्सएल३५५: बेळगाव-निपाणीकडे ही जोडी घ्यावी का?

यू-ब्लॉक्सचा झेडईडी-एफ९पी जीपीएस रिसीव्हर आणि एडीएक्सएल३५५ अ‍ॅक्सिलरोमीटर (प्रवेग मोजणारा सेन्सर) एकाच रास्पबेरी पायला (छोट्या संगणकाला) जोडले की कमी खर्चात भूकंपमापन केंद्र उभं राहतं. आपल्या भागातल्या कॉलेजांना आमचा सल्ला असा: १९६७ च्या कोयनेसारखा किंवा १९९३ च्या किल्लारीसारखा मोठा धक्का जवळपास बसला तर तो नीट पकडायचा म्हणून जरूर घ्या. कोयनेच्या रोजच्या बारीक धक्क्यांसाठी घेऊ नका. तीन रिश्टरचा धक्का निपाणीला पोचेपर्यंत या दोघांच्या नॉइजमध्ये, म्हणजे उपकरणाच्या स्वतःच्या गोंधळात, बुडून जातो. त्याला ४.५ हर्ट्झचा जिओफोनच (जमिनीच्या कंपनाचा वेग मोजणारा सेन्सर) लागतो.

मग दोन्ही कशाला? अ‍ॅक्सिलरोमीटरवरून जमीन किती सरकली हे काढायला दोनदा इंटिग्रेशन (प्रवेगावरून वेग, वेगावरून अंतर) करावं लागतं. धक्क्यात चौथरा ०.०६ अंश जरी कलला तरी १ मिलिजीची (गुरुत्वाकर्षणाच्या हजाराव्या भागाची) खोटी भर पडते आणि मिनिटभरात आकडा १७ मीटरहून जास्त चुकतो! रिसीव्हर थेट जागाच मोजतो, म्हणून ही चूक त्याच्यात साचत नाही. मात्र त्याचं वाचन सेंटीमीटरभर इकडेतिकडे होतं, उभ्या दिशेत त्याहून जास्त. म्हणून १० हर्ट्झची (सेकंदाला १० वेळा मोजलेली) जागा आणि १२५ हर्ट्झचा प्रवेग कालमन फिल्टरने, म्हणजे दोन्हींच्या चुका तोलून एक अंदाज काढणाऱ्या गणिती पद्धतीने, एकत्र करायचे. मोठ्या धक्क्यात एकट्या भूकंपमापकावर विसंबता येत नाही: जपानात २०११ साली भूकंपमापकांवरून पहिला अंदाज ७.९ आला होता, प्रत्यक्षात भूकंप ९.० चा निघाला. ओशिका द्वीपकल्प पाच मीटरहून जास्त सरकल्याचं जीपीएस केंद्राने टिपलं.

खरी परीक्षा बसवताना होते. अँटेना गच्चीच्या कठड्यावर आणि सेन्सर तळमजल्यावर ठेवला तर एक इमारतीचं डोलणं मोजतो, दुसरा जमिनीचं. मग एकत्र करण्यात अर्थच उरत नाही. दोन्ही एकाच चौथऱ्यावर हवेत. खानापूरकडे जांभ्यावर चौथरा थेट बसतो. निपाणी-चिकोडीच्या काळ्या मातीत मात्र मुरूम लागेपर्यंत खोदा, नाहीतर उन्हाळ्यात भेगा आणि पावसात फुगणं यानेच तो कलत राहील. शेजारी पत्र्याची शेड नको, सिग्नल परावर्तित होऊन येतात. अँटेनाखाली किमान दहा सेंटीमीटरची धातूची चकती द्या.

वेळेची चूक हमखास होते. जीपीएसची वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) १८ सेकंद पुढे असते. पीपीएसची (रिसीव्हरच्या दर सेकंदाच्या ठोक्याची) तार पायला जोडा आणि दोन्ही नोंदी एकाच वेळेवर आणा.

आरटीके दुरुस्ती (बेस स्टेशनकडून, म्हणजे ठाऊक जागेवरच्या रिसीव्हरकडून, मिळणारी जागेची सुधारणा) मोबाईल नेटवरून येते, आणि मोठ्या धक्क्यात नेट टिकेल याचा भरवसा नाही. शिवाय बेस स्टेशन जवळ असेल तर तेही हलतं, मग आपलं सरकणं कमी-जास्त दिसतं. म्हणून रिसीव्हरचा कच्चा डेटा कायम कार्डावर साठवा. वीज जाणारच, १२ व्होल्टची बॅटरी ठेवा. अँटेनाच्या जोडावर पहिल्या पावसाआधीच जलरोधक टेप गुंडाळा; आत पाणी शिरलं की सिग्नल हळूहळू पडत जातो आणि दोष मात्र रिसीव्हरला लागतो.