मनाली–लेह रस्त्यावर मुक्काम कुठे: केलाँग की जिस्पा?

३ ऑक्टोबर २०२० ला रोहतांग घाटाखालचा अटल बोगदा सुरू झाला आणि सकाळी मनालीहून निघालेली गाडी दुपारच्या जेवणाला पलीकडच्या लाहौल खोऱ्यात पोचू लागली. तेव्हापासून बरेच जण त्याच दिवशी पुढच्या सरचूच्या तंबू-मुक्कामापर्यंत गाडी रेटतात. हे मुळीच करू नका. मनाली साधारण २,०५० मीटरवर आहे, सरचू ४,२९० च्या आसपास. एका दिवसात एवढं चढलं की रात्री डोकं ठणकतं, मळमळतं, झोप उडते. शिवाय सरचूहून पुढे जा की मागे फिरा, दोन्हीकडे आधी घाटच चढावा लागतो.

म्हणजे मुक्काम अलीकडेच, लाहौलमधल्या केलाँग किंवा जिस्पाला हवा. जिस्पा जास्त उंचावर, म्हणून विरळ हवेची सवय व्हायला बरं, असं सांगितलं जातं. पण केलाँग सुमारे ३,०८० मीटरवर आणि जिस्पा ३,२००; एवढ्याशा फरकाने शरीराला काही कळत नाही. उपयोग होतो तो दुसऱ्या रात्रीचा. दिवसा वर फिरून यायचं आणि झोपायला खाली यायचं. केलाँगहून नदीपलीकडच्या कारदांग गोंपाची (बौद्ध मठाची) चढण त्यासाठी उत्तम.

एसटीसारख्या सरकारी बसने जाणाऱ्यांनी, किंवा सोबत लहान मुलं आणि वयस्कर माणसं असतील तर केलाँगच निवडावं. जिल्ह्याचं ठिकाण असल्याने दवाखाना, औषधं, एटीएम, बस स्टँड सगळं हाताशी आहे. हिमाचलबाहेर लडाखमध्ये महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम चालत नाही, तेव्हा घरी फोन आणि रोख रकमेची सोय इथेच उरका.

जिस्पा म्हणजे भागा नदीकाठचं छोटंसं गाव: मोजकी हॉटेलं, तंबू, पाण्याचा आवाज. स्वतःची गाडी असेल तर आमचं मत जिस्पाला. केलाँगपासून वीसेक किलोमीटर पुढे असल्याने पहाटेचा तेवढा वेळ वाचतो, आणि सरचूच्या अलीकडच्या बारालाचा घाटाच्या चढणीवर त्याला मोल आहे. ऊन चढलं की बर्फ वितळून रस्त्यावरचे नाले फुगतात. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी गुडघ्याला लागू शकतं आणि तळाचे गोटे दिसेनासे होतात. बाइक पहिल्या गिअरमध्ये, एकसारख्या थ्रॉटलवर काढा. मध्येच थ्रॉटल सोडलात तर सायलेन्सरमधून पाणी शिरून गाडी बंद पडू शकते. जिस्पापुढच्या दारचा गावाहून शिंकू ला या घाटामार्गे लडाखमधल्या झंस्कारला जाणाऱ्यांनाही जिस्पाच सोयीचं.

कुठेही राहा, टाकी मात्र केलाँगच्या अलीकडे तांडीला फुल करा. त्यापुढे थेट लेहजवळच्या कारूपर्यंतचा हिशोब धरूनच निघायचं.