मातीच्या योगशाळेत तिन्ही ऋतू काढल्यावर: काटोल रोडचा अनुभव

नागपूरच्या आसपास योगकेंद्र किंवा निवासी शिबिराची जागा बांधायचं मनात असेल, तर एक गोष्ट आधीच सांगते. चारी बाजूंनी उघडा बांबूचा मंडप बांधू नका. केरळ-गोव्याच्या फोटोंत तो सुंदर दिसतो आणि तिथल्या दमट हवेला तो योग्यही आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि दुपारी सुटलेला वारा झळा घेऊनच येतो. इथे जाड भिंत लागते, आणि ती दुपारी बंद करून घेता आली पाहिजे.

आमची जागा काटोल रोडला, संत्र्याच्या बागांच्या मधोमध आहे. एक मोठा हॉल, सहा कुट्या, स्वयंपाकघर. हॉलच्या भिंती दीड फूट जाड, दाबून केलेल्या मातीच्या विटांच्या. या विटा भाजाव्या लागत नाहीत. मातीत थोडं सिमेंट मिसळून मशीनमध्ये दाबतात आणि पाणी मारून पक्क्या करतात. शेतातली काळी माती त्यासाठी चालत नाही. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. म्हणून विहिरीतून निघालेला मुरूम आणि वाळू वापरली. पायाही काळी माती काढून थेट मुरूम लागेपर्यंत खाली नेला आणि जोतं काळ्या दगडात उचललं. छपराला कवेलू, म्हणजे मातीची कौलं.

उन्हाळ्यात ही इमारत चालवावी लागते. सकाळी आठच्या आत सगळी दारं-खिडक्या बंद, झरोक्यांच्या झडपाही बंद. रात्री जेवणं झाली की सगळं सताड उघडायचं. दिवसभर भिंतीने घेतलेली उष्णता रात्री बाहेर पडते आणि सकाळी भिंत पुन्हा गार असते. हे रोज न चुकता केलं तर भर दुपारी हॉलमध्ये बाहेरच्यापेक्षा आठ-दहा अंश कमी असतात. एक दिवस झडपा उघड्या राहिल्या तर पुढचे दोन दिवस हॉल तापलेला राहतो. मी दुपारी तीनला योगनिद्रा घेते, अर्धवट अंधारात, एका कूलरवर. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, रात्रीही गारवा उतरत नाही, तेव्हा भिंतींचा जोर कमी पडतो, हेही खरं. ते दिवस शिबिर ठेवत नाही, फक्त पहाटेचा वर्ग.

हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात योग्याच्या मठाचं वर्णन आहे: दार लहान, भिंतीला भोकं-बिळं नाहीत, शेणाने दाट सारवलेला, बाहेर मंडप आणि विहीर. मे महिन्यातल्या वैदर्भी दुपारी ते वर्णन मला अक्षरशः पटलं. पण तो मठ एकट्या साधकासाठी आहे. तीस माणसं एकत्र भस्त्रिका, म्हणजे जोरजोरात श्वास घेण्या-सोडण्याचा प्राणायाम, करू लागली की हवा लागते, म्हणून भिंतीच्या वरच्या अंगाला झरोके हवेतच, आणि त्यांना बारीक जाळी. रात्री सगळं उघडायचं म्हणजे डास आलेच.

सूर्याचा हिशेब आर्किटेक्टकडून नीट समजून घ्या. नागपूर 21 अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो. 21 जूनच्या योगदिनाला तर नक्कीच. उत्तरेकडच्या खिडक्यांनाही छज्जा लागतो तो यामुळे. डिसेंबरात हाच सूर्य दुपारी दक्षिणेला 45 अंशांवर उतरतो आणि आमच्या बसक्या खिडक्यांतून ऊन आत येतं. हिवाळ्यात सकाळी दहाची बॅच त्या उन्हात बसते. पहाटेची मात्र कोटा फरशीवर गारठते. खाली जाड सतरंजी लागतेच.

आवाजाबद्दल कोणी फारसं बोलत नाही. मातीचं लिंपण आवाज शोषून घेतं. ओंकार घेताना घुमारा येत नाही, मागच्या रांगेला माझं बोलणं मी आवाज न चढवता ऐकू जातं. पूर्वी मी टिनाच्या शेडमध्ये शिकवत असे. पाऊस आला की प्राणायाम थांबवावा लागे. कवेलूंखाली झड लागली तरी वर्ग चालू राहतो.

आता त्रास. पावसाळ्यात हॉल दमट होतो, कूलरचा काही उपयोग नसतो, सतरंज्यांना वास येतो. छताचे पंखे दिवसभर चालू ठेवावे लागतात. नैर्ऋत्येच्या भिंतीचं लिंपण झडीत हातभर सुटलं. दुरुस्तीला गावातल्या मावशी आल्या. माती आणि गव्हांडा (गव्हाचा भुसा) पाण्यात कालवून त्यांनी तीन दिवस आंबू दिला, मग ओल्या भिंतीवर तळव्याने थापून बसवला. म्हणाल्या, “ताई, भितीले ऊन लागलं तं चालते, पाणी लागलं तं नाही चालत.” त्या बाजूला आता छपराखाली पन्हाळ लावली आहे.

वानरांचं काय करायचं हे अजून सुटलेलं नाही. टोळी छपरावरून गेली की पाच-दहा कवेलू फुटतात आणि नेमक्या तिथून गळती लागते. जास्तीचे कवेलू आणून ठेवा आणि मृगाच्या आधी शाकारणी कराच.

व्हरांड्याचे बांबूचे खांब प्रक्रिया केलेले म्हणून आम्हाला विकले गेले. दोन महिन्यांत खांबांशी पिवळसर भुकटी पडू लागली. भुंगा लागला होता. या फसवणुकीचा मला अजून राग येतो, कारण आपल्याकडचा मानवेल चांगला भरीव बांबू आहे. पावसाळ्यानंतर तोडलेला, बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेला असेल तर वर्षानुवर्षं टिकतो.

सांडपाणी कर्दळीच्या वाफ्यातून गाळून बागेला जातं. नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेलं फायटोरिड तंत्र याच जातीचं आहे. वास नाही, पंप नाही. यावर मी पूर्ण समाधानी आहे.

खर्च विचाराल, तर स्वस्त पडलं नाही. साहित्य स्वस्त, मजुरी जास्त. न्हाणीघरांच्या भिंती आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी रुळवलेल्या रॅट ट्रॅप पद्धतीने, विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवून बांधल्या. तिथे जवळपास चतुर्थांश विटा वाचल्या. दरवर्षीची देखभाल धरून चाला: शाकारणी (कवेलू उतरवून पुन्हा नीट बसवणं), लिंपण, कुट्यांच्या शेणाच्या जमिनी दर पंधरा दिवसांनी सारवणं. हे करायला गावात माणसं नसतील तर मातीच्या वाटेला जाऊ नका. आणि निर्णयाआधी वर्ध्याजवळ सेवाग्रामला, गांधीजींच्या आश्रमात जा. 1936 पासूनच्या त्या माती-बांबू-कवेलूच्या घरांत मेच्या दुपारी थोडं बसा. छप्पर किती खाली उतरवलं आहे ते पाहा, कारण बहुतेक नव्या बांधकामांत तेच विसरलं जातं.

आम्ही आणखी दोन कुट्या घेतोय. पश्चिमेला खिडकी नाही, छप्पर फूटभर आणखी पुढे. बांबू दिवाळीनंतर स्वतः उभं राहून तोडून घ्यायचा आणि टाकीत आपल्या डोळ्यांसमोर बुडवायचा, असं ठरलं आहे.