टिश्यू कल्चरची म्हणून विकलेली सागाची रोपं

रोपवाटिकेतून सागाची रोपं घेणार असाल तर हिरव्यागार पानांना भुलू नका. ती हिरवाई विकण्यापुरती आणता येते. मला मिळालेली रोपं शेडनेटखाली झुलत होती, पानं सुपाएवढी, काळपट हिरवी. विकणारा म्हणाला, "टिश्यू कल्चरची खास जात आहे, पानाचा आकारच बघा ना!" टिश्यू कल्चर म्हणजे एकाच झाडाच्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं. पण सागाच्या कोवळ्या रोपाला मोठी पानं येतातच, त्यात खास काही नाही.

लागवडीनंतर वरची पानं उन्हात करपली. सावलीतलं पान रुंद पण पातळ असतं, त्याला एकदम उघडं ऊन सोसत नाही. रोपं विकण्याआधी हळूहळू सावली आणि पाणी कमी करून ती कणखर करावी लागतात. इथे ते केलंच नव्हतं.

मेलेली रोपं उपटली तेव्हा खरा प्रकार कळला. पिशवीच्या तळाशी मुळांचं वेटोळं झालेलं. म्हणजे रोपं कितीतरी जुनी, विक्रीवाचून पडून राहिलेली. अशा उपाशी रोपात नत्र (नायट्रोजन) कमी पडलं की ते जुन्या पानांतून निघून शेंड्याकडे जातं, म्हणून आधी खालची पानं पिवळी पडतात. पालाश (पोटॅश) आणि मॅग्नेशियमची कमतरताही तिथेच आधी दिसते. लोहाची मात्र उलट: शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या. माझ्या रोपांची खालची पिवळी पानं खुडून टाकलेली होती आणि युरिया मारून शेंडा हिरवा केलेला. खोडावर देठांचे व्रण स्पष्ट होते. सागाची पानं समोरासमोर जोडीने येतात, त्यामुळे रिकाम्या जोड्या सहज मोजता येतात. खालचे व्रण ताजे, खोड बारीक, पेरं (दोन पानजोड्यांमधलं खोड) लांबलांब असतील तर ते रोप घेऊ नका. शंका आली तर एक पिशवी फाडून मुळं दाखवायला सांगा. जो नकार देतो, त्याच्याकडून काही घेऊच नये.

टिश्यू कल्चरचा दावाही पानांवरून तपासता येतो. एकाच झाडापासून केलेली, एकाच वयाची रोपं शेजारी ठेवली तर पानाचा आकार, टोक, रंग यांत फारसा फरक नसतो. माझ्याकडे दर दोन रोपांत फरक होता. बियांची रोपं होती ती, सरळ. बियांचा साग वाईट नसतो, पण त्याला टिश्यू कल्चरचा भाव कशाला?

तक्रार केली तर उत्तर आलं, "तुमच्या जमिनीतच दोष." बिलावर फक्त "साग रोपे" लिहिलेलं होतं. टिश्यू कल्चर हा शब्द आणि रोपांचं वय बिलावर लिहून घ्या, पैसे त्यानंतर द्या.