होमस्कूलिंगच्या सहली: मुंबईतल्या कोणत्या जागा खऱ्या उतरतात

मुलांना कुठे न्यावं याच्या याद्या मुंबईत पुष्कळ मिळतात. त्यातल्या बहुतेक शाळेच्या सहलीच्या मापाने बेतलेल्या असतात: एक बस, चाळीस मुलं, तीन ठिकाणं आणि पाचच्या आत परत. घरी शिकणाऱ्या मुलांना मधल्या वारी जाता येतं, बरोबर चार-सहाच मुलं असतात, आणि तीच जागा महिन्याभराने पुन्हा बघता येते. म्हणून इथे एकाच कसोटीवर जागा जोखल्या आहेत. तिथे मुलाच्या हाताला काम मिळतं का? मोजायला, चितारायला, पाण्याची वाट शोधायला?

या कसोटीवर पहिला नंबर बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांचा, आणि दुसऱ्या जागेशी त्यांचं अंतर बरंच आहे.

लेणी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, मुख्य फाटकापासून सुमारे 6 किलोमीटर आत आहेत. सोमवारी उद्यान बंद. उद्यानाचं तिकीट वेगळं, लेण्यांचं पुरातत्त्व खात्याचं वेगळं. लेण्यांना 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. सकाळी बोरिवलीकडे जाणारी लोकल उलट्या दिशेची, तिला गर्दी नसते, हा मोठा फायदा. फाटक उघडतानाच पोचा. अकरानंतर काळा दगड तापतो आणि मुलं सावली सोडून हलत नाहीत.

इथे शंभरावर लेणी आहेत. सगळी बघायची ठरवलीत की सहल फसली. पाच ते सहा पुरेत. लेणं क्रमांक 3 हा चैत्य, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन. आत 34 खांब; मुलांना आकडा आधी सांगू नका, मोजू द्या. काही खांबांवर कोरीव काम पुरं झालंय, बाकीचे नुसते अष्टकोनी राहिलेत. काम अर्ध्यावर कसं थांबलं असेल, यावर दहा वर्षांचं मूल अर्धा तास बोलतं. व्हरांड्यात दोन टोकांना सुमारे 7 मीटर उंच बुद्धमूर्ती आहेत. त्यांची उंची काढायची सोपी रीत: मूर्तीच्या पायाशी एका मुलाला उभं करून लांबून सरळ फोटो काढा, आणि घरी फोटोवर पट्टी लावून मूर्तीत ते मूल किती वेळा बसतं ते मोजा. फोन वर तिरका धरला की उत्तर चुकतं. तो कमरेच्या उंचीवर सरळ धरायचा आणि जमेल तितकं मागे सरायचं. पुढे क्रमांक 11 ची लांबट दगडी बाकं आणि क्रमांक 41 मधला अकरा मुखांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व. एवढं झालं की खाली न उतरता पाण्याकडे वळा.

कान्हेरीचा खरा धडा पाण्याचा आहे. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या अंगणात एका बाजूला खडकात खोदलेलं टाकं आहे. इथल्या शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटलंय. डोंगरउतारावर खोदलेल्या पन्हळी पावसाचं पाणी टाक्यांकडे आणतात. मुलाच्या हातात अर्धा लिटर पाणी द्या आणि वरच्या पन्हळीत बारीक धारेने सोडायला सांगा. पाणी कुठे वळतं, कुठे अडतं, शेवटी कुठे उतरतं, हे तीन मिनिटांत डोळ्यांसमोर घडतं. मग टाक्याची लांबी-रुंदी टेपने घ्या आणि दगड बांधलेली दोरी सोडून खोली मोजा. 2 मीटर लांब, 1 मीटर रुंद आणि दीड मीटर खोल टाकं म्हणजे 3 घनमीटर, म्हणजे 3000 लिटर. गच्चीवरच्या 1000 लिटरच्या काळ्या टाक्या मुलांच्या ओळखीच्या असतात, त्यामुळे हा आकडा लगेच पोचतो. दोरी मोठ्या माणसानेच सोडायची. शेवाळ साचलेलं टाकं वरून जमिनीसारखं दिसतं, आणि लहान मुलं नेमकी त्यावरच पाय टाकायला जातात. घरी आल्यावर याच धाग्याने तुळशी आणि विहारपर्यंत जाता येतं. हे दोन्ही तलाव याच जंगलातले, आणि शहराला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी.

शिलालेखांसाठी टॉर्च न्या. उजेड समोरून पाडला तर अक्षरं पुसल्यासारखी दिसतात. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरका धरला की खोदलेल्या रेघेत सावली भरते आणि ब्राह्मी या जुन्या लिपीतलं अक्षर उठून येतं. ‘क’ म्हणजे बेरजेची खूण, ‘ठ’ म्हणजे गोल, गोलात टिंब असेल तर ‘थ’, आणि ‘ग’ म्हणजे उलटा व्ही. एवढी चार अक्षरं आदल्या दिवशी पाठ असली तरी मुलं भिंतीवर त्यांचा शोध घेत फिरतात. दान देणाऱ्यांच्या गावांत कल्याण आणि सोपारा आहेत. रोज लोकलच्या पाटीवर वाचलेलं नाव दोन हजार वर्षं जुन्या दगडावर आहे म्हटल्यावर इतिहास वेगळा शिकवावा लागत नाही. भिंतीला हात, खडू किंवा ठसे घ्यायचा कागद मात्र अजिबात लावायचा नाही.

बिघडतं ते बहुतेक खाण्यावरून. माकडं प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज ओळखतात. डबे चेनच्या सॅकमध्ये ठेवा आणि उघड्यावर बसून खाऊ नका. पावसाळ्यात खडकावर शेवाळ धरतं, तेव्हा सहा वर्षांखालच्या मुलांना नेण्यात अर्थ नाही. बिबट्याचं जंगल आहे, उन्हं उतरायच्या आत फाटकाबाहेर पडा.

दुसऱ्या क्रमांकाला ओहोटीचा किनारा. तिकीट नाही, आणि नियोजन सगळ्यात कडक. इथे वार बघायचा नाही, तिथी बघायची. मुंबईकडच्या किनाऱ्यावर जुना हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास आणि ओहोटी सहाच्या. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. आधी मुलांना भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून वेळ काढू द्या, नंतर भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहा. थोडाफार फरक येतो, तोही वहीत लिहायचा. जायची वेळ मात्र तक्त्यावरूनच ठरवा.

सहलीला द्वितीया-तृतीया उत्तम. उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप मागे जातं, आणि ओहोटी सकाळी साडेसात ते सव्वाआठच्या सुमारास येते, म्हणजे उजेड असतो आणि ऊन नसतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी फारसं हटत नाही आणि मुलं कंटाळतात. तक्त्यात ओहोटीची उंची 1 मीटरखाली असेल तोच दिवस धरा. ओहोटीच्या वेळेआधी तासभर उतरायचं, आणि पाणी वळल्यावर अर्ध्या तासात वर यायचं. घड्याळ एकाच मोठ्या माणसाच्या हाती ठेवा आणि त्याला दुसरं काम देऊ नका. पाणी समोरून आल्याचं दिसतं, पण मागच्या खोलगट भागात ते आधीच भरलेलं असतं.

वाळू आणि खडक यांतून निवड करा. जुहूची वाळू चार-पाच वर्षांच्या मुलांना बरी: शिंपले, खेकड्यांची बिळं आणि बिळाभोवती पसरलेल्या वाळूच्या गोळ्या. थोड्या मोठ्यांना कार्टर रोडचा खडकाळ भाग जास्त देतो. तिथल्या डबक्यांत शंखात राहणारे खेकडे, खडकाला चिकटलेली कालवं आणि समुद्रफुलं सापडतात. एकाच डबक्याशी वीस मिनिटं बसवा. पहिली पाच मिनिटं काहीच हलत नाही, सावली स्थिर झाली की सगळं चालू लागतं. दोरीचा अर्धा मीटरचा चौकोन टाकून त्यातले जीव मोजायचे, मग तोच चौकोन पाण्यापासून दहा पावलं वर टाकून पुन्हा मोजायचे. कोरड्या उन्हात कोण तगतं आणि कोण नाही, ते या दोन आकड्यांतून कळतं.

उचललेला दगड होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवायचा. उलटा राहिला तर खालचे जीव उन्हात मरतात. जिवंत शंख हातात घ्यायचा नाही, कारण काही शंकूसारख्या शंखांचा डंख विषारी असतो. पावसाळ्यात वाळूवर निळे फुगे वाहून येतात, ते ब्लूबॉटल, जेलीफिशसारखा जीव. मेलेला दिसला तरी डंख मारतो. पायात पकड असलेले बंद बूट हवेत, चपला चिखलात रुततात. बँडस्टँडच्या खडकांवर लाटा अचानक चढतात, ती जागा मुलांसाठी घेऊ नये.

फोर्टमधलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय चांगलं आहे, पण एका वेळी एकच दालन. इमारत 1914 ला पुरी झाली, पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होतं आणि संग्रहालय उघडलं 1922 मध्ये. मुलांना सुरुवातीला एवढं पुरे. सात-आठ वर्षांच्यांना निसर्गविभाग, त्यावरच्यांना सिंधू संस्कृती. छापील प्रश्नपत्रिका हातात दिली की मुलं वस्तूऐवजी पाट्या वाचत सुटतात. त्यापेक्षा एक वस्तू निवडा, पाटी न वाचता पाच मिनिटं बघा, पेन्सिलीने चितारा, काय असेल त्याचा अंदाज लिहा आणि पाटी शेवटी वाचा. दीड तासात बाहेर पडा. उपनगरातून येणाऱ्यांनी अकरानंतरची गाडी धरावी.

भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि राणीची बाग शेजारी-शेजारी आहेत, दोन्ही बुधवारी बंद. एका दिवसात दोन जागा चालतात त्या इथेच. आत जुन्या मुंबईचे नकाशे आणि निरनिराळ्या व्यवसायांतल्या माणसांच्या मातीच्या प्रतिकृती आहेत. बाहेर बागेत उभा असलेला दगडी हत्ती घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. हत्ती आधी बघा आणि घारापुरी पुढच्या महिन्यात ठेवा. घारापुरीला सोमवारी सुट्टी असते, गेटवेहून बोटीला जवळपास तास लागतो आणि वर शंभरावर पायऱ्या. लेणं अप्रतिम आहे. पण जाण्या-येण्यात इतका दिवस जातो की दहा वर्षांखालच्या मुलांसाठी कान्हेरी उजवं ठरतं.

वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र घरातलं मूल पावसात अडकलं असताना उत्तम, आणि बागेतली ट्राम व मरुत हे लढाऊ विमान कोरड्या दिवसात. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या बसगाड्या लागतात, तेव्हा एकेका यंत्रापुढे रांग असते; जुलै किंवा सप्टेंबरचा मधला वार घ्या. शेजारच्या तारांगणात मराठी खेळ असतो, सोमवारी सुट्टी. पाचाखालची मुलं अंधाराला घाबरतात.

अंधेरी पश्चिमेची गिल्बर्ट हिल तासाभराची सहल आहे. 61 मीटर उंच, उभ्या खांबांसारखा फुटलेला काळा बेसाल्ट, वय सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षं. पायथ्याशी उभं राहून एका खांबाला किती बाजू दिसतात ते मोजायचं. कान्हेरीच्या दुसऱ्या आठवड्यात नेली तर दोन्ही ज्वालामुखीचेच खडक असून एकात लेणी कोरली गेली आणि दुसरा असा का फुटला, हा प्रश्न मुलंच विचारतात.

ऐरोलीची फ्लेमिंगोची बोट नोव्हेंबर ते मे. खाडीत पाणी चढल्याशिवाय बोट निघत नाही, म्हणून तिची वेळ रोज सरकते. इथेही पाऊणपट उपयोगी पडते. दुर्बीण 8 पटीची पुरे, त्याहून जड मुलांच्या हातात थरथरते.

सामान कुठेही हेच लागतं: शिंप्याची दीड मीटरची टेप, 10 मीटर दोरी, 10 पटीचं भिंग, टॉर्च, पुठ्ठ्याला चिमटा लावलेले कोरे कागद, दोन पेन्सिली आणि दर मुलामागे लिटरभर पाणी. शाई टाळा, समुद्रावर ती पहिल्याच थेंबाने पसरते.